यादवीनंतरचें स्वराज्य

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत राजाराममहाराजांचें प्रकरण संपलें कीं विद्यार्थी पान उलटतो आणि थेट पहिल्या बाजीरावापाशीं जाऊन पोहोंचतो. मधल्या एक-दोन पानांवर परीक्षेंत प्रश्न क्वचित् येतो, म्हणून तीं कोणी मन लावून वाचीत नाहीं. परंतु इ. स. १७०७ पासून १७३१ पर्यंतचीं हीं चोवीस वर्षें मराठ्यांच्या इतिहासांत फार मोलाचीं आहेत. परक्या शत्रूशीं कसें लढावें हें मराठ्यांनीं त्यापूर्वींच जगास दाखविलें होतें. शत्रू गेल्यावर आपसांत कसें राहावें, हा प्रश्न त्यांच्यापुढें याच काळांत उभा राहिला. आणि त्याचें जें उत्तर निघालें त्याचे परिणाम आपल्या वऱ्हाड प्रांतानें पुढें जवळजवळ शंभर वर्षें भोगले. म्हणून वाशीम, मानोरा, दिग्रस, पोहरादेवी या बाजूच्या विद्यार्थ्यांनीं तरी हीं पानें वगळूं नयेत.

एकाच राज्यांतील, एकाच रक्ताचीं माणसें एकमेकांवर शस्त्र धरतात तेव्हां आपण तिला यादवी म्हणतों. हा शब्द प्रभासक्षेत्रीं आपसांत लढून नष्ट झालेल्या यादवांवरून आला, हें सर्वांस ठाऊक आहेच. भारतीय युद्ध जिंकणाऱ्या श्रीकृष्णाचें कुळ शत्रूच्या हातून बुडालें नाहीं, घरच्या कलहानें बुडालें. मराठ्यांचें राज्य त्याच वाटेनें जाण्याची वेळ १७०७ सालीं आली होती.

त्यापूर्वींची स्थिति थोडक्यांत सांगतों. इ. स. १६८९ मध्यें संभाजीमहाराजांचा वध झाला आणि त्याच वर्षीं रायगड पडून येसूबाई व तिचा सात वर्षांचा मुलगा शाहू मोंगलांच्या कैदेंत गेले. राजाराममहाराज दूर कर्नाटकांत जिंजीस गेले. राज्यास ना राजधानी, ना खजिना, ना धड सैन्य. अशा वेळीं संताजी घोरपडे, धनाजी जाधव, रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण सचिव अशा पुरुषांनीं लढा चालू ठेविला. १७०० सालीं सिंहगडावर राजाराममहाराज वारले. तेव्हां हंबीरराव मोहित्यांची कन्या ताराबाई हिनें आपल्या लहानग्या शिवाजीस गादीवर बसवून सात वर्षें औरंगजेबासारख्या बादशहाशीं झुंज दिली. वयाच्या पंचविशीच्या आंत-बाहेरच्या त्या विधवा स्त्रीनें फौजा माळवा-गुजराथेपर्यंत धाडल्या, किल्ले घेतले, घालविले आणि पुन्हां घेतले. १७०७ च्या आरंभीं अहमदनगरजवळ बादशहा मरण पावला तेव्हां दक्षिण जिंकण्याचा त्याचा संकल्प धुळीस मिळाला होता.

पण जिंकणाऱ्यांच्या घरांतही दाणा उरला नव्हता. सत्तावीस वर्षें दोन फौजा ज्या मुलखांतून फिरल्या त्या मुलखांत शेत नांगरणार कोण आणि पिकलें तर खाणार कोण? शिवाय दुसरी एक अडचण होती, ती डोळ्यांस दिसणारी नव्हती. शिवाजीमहाराजांनीं आपल्या सरदारांस रोख वेतन द्यावें, जमीन तोडून देऊं नये, असा निर्बंध घातला होता. जिंजीच्या संकटांत राजाराममहाराजांस तो पाळतां आला नाहीं. हातीं पैसा नाहीं, तेव्हां मोंगलांच्या ताब्यांतील मुलूख जो जिंकील त्याला त्यांतच सरंजाम व वतन देऊं, अशीं अभिवचनें द्यावीं लागलीं. त्या वेळीं दुसरा उपाय नव्हता. परंतु यामुळें लढाई ही राज्याची राहिली नाहीं; ज्याची त्याची स्वतःची झाली. ज्याच्याजवळ पांचशें घोडीं तो आपल्यास लहानसा राजाच मानूं लागला.

अशा स्थितींत शाहू सुटून आला. बादशहाचा पुत्र आजमशहा दिल्लीच्या तख्तासाठीं उत्तरेकडे निघाला असतां जुल्फिकारखानाच्या सल्ल्यानें त्यानें शाहूस माळव्यांत मोकळें केलें. यांत भूतदया नव्हती. शाहू घरीं गेला म्हणजे काकी-पुतणे भांडत बसतील आणि मोंगलांच्या पाठीशीं मराठ्यांचा उपद्रव राहणार नाहीं, असा तो हिशेब होता. आणि तो बरोबर ठरला. येसूबाईस मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतलें.

आतां राज्य कोणाचें? दोन्ही पक्षांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें पाहिजे, कारण एकीचा दोष आणि दुसऱ्याचा गुण असा हा प्रकार नव्हता. शाहूच्या बाजूचे म्हणत : शिवाजीमहाराजांचा वडील पुत्र संभाजी, त्याचा पुत्र शाहू, गादी त्याचीच. राजारामानें व ताराबाईनें जें सांभाळलें तें त्याच्या वतीनें सांभाळलें. ताराबाईचें उत्तर असें : संभाजीमहाराजांचें राज्य रायगडाबरोबर बुडालें. जें आज आहे तें माझ्या पतीनें व मीं शून्यांतून नवें उभें केलें. ज्यानें अठरा वर्षें मोंगलांच्या छावणींत काढलीं, त्यानें ऐन कापणीच्या वेळीं शेतावर हक्क सांगावा हें कोठलें? आजही असा वाद एखाद्या वाड्यांत निघाला तर पंचांस निवाडा करणें अवघड जाईल. ताराबाईस केवळ सत्तालोभी ठरविणें हा तिच्यावर अन्याय आहे, असें मला वाटतें.

वाद वाढला तसा आणखी एक संशय उठविण्यांत आला, कीं आलेला हा शाहू खराच नव्हे, तोतया आहे. येथें आपल्या वऱ्हाडाचा संबंध येतो. शाहू खानदेशांत उतरला तेव्हां प्रथम त्यास जे मोठे सरदार मिळाले त्यांत वऱ्हाडाकडे वावरणारे परसोजी भोसले हे मुख्य होते. परसोजीनें शाहूबरोबर एका ताटांत भोजन केलें आणि सर्वांचा संशय फेडला, असें सांगतात. पंक्तिभेदाच्या त्या काळीं एका ताटांत जेवण्यास शंभर कागदपत्रांहून अधिक किंमत होती. याच परसोजीच्या घराण्यांत पुढें सेनासाहेबसुभा हें पद आणि वऱ्हाडचा कारभार चालला. ताराबाईनेंही आपल्या सरदारांकडून दूधभातावर हात ठेववून शपथा घेतल्या होत्या. परंतु १७०७ च्या ऑक्टोबरांत भीमेच्या कांठीं खेड येथें दोन्ही फौजा समोरासमोर आल्या तेव्हां सेनापति धनाजी जाधव शाहूकडे वळला. ताराबाईच्या बाजूनें परशुरामपंत प्रतिनिधि लढला व मागें हटला. लवकरच सातारा शाहूच्या हातीं आला आणि १७०८ च्या जानेवारींत तेथें त्यास राज्याभिषेक झाला.

पुष्कळांस वाटतें कीं येथें यादवी संपली. वास्तविक खरी कठीण वेळ येथून पुढें सुरू झाली. ताराबाई पन्हाळ्यास गेली व तिनें तेथें दुसरी गादी चालविली. दोन छत्रपति झाल्यावर सरदारांची चंगळ झाली. सातारचा राजा रागावला तर पन्हाळ्यास जावें, तेथें मन रमलें नाहीं तर मोंगलांची चाकरी धरावी! धनाजी वारल्यावर त्याचा मुलगा चंद्रसेन सेनापति झाला. शिकारींतील एका हरिणाच्या निमित्तानें त्याचें व बाळाजी विश्वनाथाचें भांडण जुंपलें. हरिण हें केवळ निमित्त; मूळ कारण वसुलाच्या हिशेबावर देखरेख कोणाची, हें होतें. १७११ सालीं सेनापतीच फौजेसह ताराबाईकडे निघून गेला आणि पुढें निजामाचा नोकर झाला. शाहूजवळ फौज उरली नाहीं. तेव्हां बाळाजीनें सावकारांकडून कर्ज काढून नवी फौज उभी केली व ‘सेनाकर्ते’ ही पदवी मिळविली.

त्या दिवसांत माणसाच्या शब्दाची काय किंमत उरली होती याची एक गोष्ट बखरकारांनीं दिली आहे. दमाजी थोरात नांवाचा एक सरदार पुण्याच्या बाजूस लूटमार करी. त्यानें बेलभंडाऱ्याची शपथ घेऊन बाळाजीस भेटीस बोलाविलें आणि तो येतांच कैद केलें. शपथेची आठवण दिली तेव्हां हा गृहस्थ म्हणाला, बेल म्हणजे झाडाचें पान, आणि भंडारा म्हणजे हळद, ती तर आम्ही रोज खातों. खंडणी भरून बाळाजीची सुटका करावी लागली. ज्या राज्यांत शपथेची अशी थट्टा होते तेथें कायदा कोणत्या आधारावर उभा करावयाचा?

याच्या उलट दुसरी गोष्ट कान्होजी आंग्र्यांची. सारा कोंकणकिनारा व आरमार त्यांच्या हातीं. ते ताराबाईच्या पक्षाचे. १७१३ सालीं शाहूनें आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे यास त्यांच्यावर पाठविलें, तर आंग्र्यांनीं पेशव्यासच कैद करून लोहगड घेतला. मग त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत पेशवाईचीं वस्त्रें बाळाजी विश्वनाथास मिळालीं आणि तो आंग्र्यांकडे निघाला. बाळाजी मूळचा कोंकणांतला, श्रीवर्धनचा; आंग्र्यांशीं त्याची जुनी ओळख. त्यानें लढाई केली नाहीं, बोलणें केलें. समुद्र इंग्रज, फिरंगी व सिद्दी यांच्या हातीं गेला तर सातारकरांचेंही जातें आणि कोल्हापुरकरांचेंही, हें त्यानें पटविलें. १७१४ च्या आरंभीं तह ठरला. आंग्र्यांकडे किल्ले व सरखेल हें पद राहिलें. त्यांनीं पेशव्यास सोडून शाहूस छत्रपति मानलें. या तहानें शाहूचें आसन जितकें स्थिर झालें तितकें खेडच्या लढाईनेंही झालें नव्हतें.

त्याच १७१४ सालीं पन्हाळ्यास घरांतच उलथापालथ झाली. राजाराममहाराजांची दुसरी राणी राजसबाई हिनें आपला मुलगा संभाजी यास गादीवर बसवून ताराबाईस व तिच्या पुत्रास कैदेंत टाकलें. याच कोल्हापूरच्या संभाजीसाठीं वृद्ध रामचंद्रपंत अमात्यांनीं ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीचा ग्रंथ लिहिला. ज्या पुरुषानें जिंजीच्या दिवसांत नाइलाजानें वतनें वाटलीं त्यानेंच त्यांत वतनदारांपासून राज्यास असलेल्या धोक्याविषयीं निक्षून सांगितलें आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा लहानसा ग्रंथ अवश्य वाचावा.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. फुटलेलें राज्य जोडावयाचें तर कशानें? दोन मार्ग होते. एक शिवाजीमहाराजांचा : सरंजाम काढून घ्यावे, रोख वेतन द्यावें, सत्ता एका हातीं ठेवावी. दुसरा : सरदारांनीं जें मिळविलें आहे तें त्यांच्याकडेच ठेवून त्यांना छत्रपतींच्या छत्राखालीं बांधून घ्यावें. शाहूपाशीं पहिल्या मार्गास लागणारें बळ नव्हतें. बाळाजीनें दुसरा धरला आणि त्यासाठीं दिल्लीच्या भांडणाचा उपयोग केला. बादशहा फर्रुखसियर व सय्यद बंधु यांचें वैर होतें. १७१८ मध्यें सय्यद हुसेन अलीशीं करार झाला, बाळाजी फौज घेऊन दिल्लीस गेला, आणि १७१९ सालीं तीन सनदा घेऊन परतला : स्वराज्याची, चौथाईची व सरदेशमुखीची. येसूबाईही तीस वर्षांनीं घरीं आली. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर, म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, हैदराबाद व विजापूर यांवर, मराठ्यांचा हक्क कागदोपत्रीं मान्य झाला. मोबदल्यांत पंधरा हजार स्वार बादशाही कामास ठेवावे, मुलखांत चोरी-दरोड्याचा बंदोबस्त करावा, अशा अटी होत्या.

या पैशाची वांटणी कशी होई तें एका उदाहरणानें पाहूं. वऱ्हाडांतील एका गांवाचा सरकारी आकार १००० रुपये आहे असें धरा. त्याची चौथाई २५० रुपये आणि दहावा हिस्सा सरदेशमुखी १०० रुपये. मिळून ३५० मराठ्यांचे, बाकीचे ६५० मोंगल सुभेदाराचे. सरदेशमुखी हें छत्रपतींचें स्वतःचें वतन. चौथाईच्या २५० पैकीं चौथा हिस्सा, म्हणजे ६२॥ रुपये, ‘राजबाबती’ म्हणून छत्रपतींस. शेंकडा सहा, म्हणजे १५ रुपये, ‘साहोत्रा’ म्हणून पंत सचिवास. शेंकडा तीन, म्हणजे ७॥ रुपये, ‘नाडगौंडा’ म्हणून राजा देईल त्यास. राहिले १६५ रुपये. हा ‘मोकासा’, तो सरदारानें फौजेच्या खर्चास ठेवावा. शिवाय एकाच्या मुलखांत दुसऱ्याचा हिस्सा असे मुद्दाम गुंतविलेले असत. हेतु असा कीं कोणासही अखंड मुलूख तोडून वेगळें होतां येऊं नये. हिशेब इतका गुंतागुंतीचा झाला कीं सरदारास कारकुनांवांचून तो उलगडेना!

या व्यवस्थेविषयीं विद्वानांत दोन मतें आहेत. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या कामगिरीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहून, गोंधळांतून सुव्यवस्था निर्माण केल्याचें श्रेय बाळाजीस दिलें आहे. दुसरे म्हणतात, यानेंच मराठी साम्राज्याच्या फाटाफुटीचें बीं पेरलें. मला दोन्ही खरीं वाटतात, फक्त काळ निरनिराळा. १७१९ सालीं यावांचून राज्य जुळलेंच नसतें. पण कागदावर राजाचा हिस्सा मोठा असला तरी वसूल करणारा हात सरदाराचा होता, आणि रयत ज्याच्या हातीं पैसा देते त्यालाच धनी म्हणते.

यादवीनंतर राष्ट्र पुन्हां उभारतांना असा सौदा इतर देशांनींही केला आहे. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत उत्तर-दक्षिण संस्थानांचें युद्ध झालें. त्याची झळ आपल्यास उलटी लागली. तिकडचा कापूस बंद पडला म्हणून वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला, व युद्ध संपतांच तो उतरला. गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. परंतु हरलेल्या संस्थानांस कोणत्या अटींवर परत घ्यावें यावरून अध्यक्ष जॉन्सन व काँग्रेस यांचें इतकें वांकडें आलें कीं १८६८ सालीं अध्यक्षावर खटला होऊन तो केवळ एका मतानें वांचला. जोतिराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ सालीं अमेरिकेंतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला, त्या वेळीं तें काम अर्ध्यावर होतें. १८७७ सालीं गोऱ्यांच्या दोन्ही पक्षांनीं तडजोड केली, दक्षिणेंतील फौज निघून गेली, आणि नव्यानें मुक्त झालेल्या काळ्या लोकांचे हक्क त्या तडजोडींत पुढील कित्येक वर्षें बुडाले. दोन भाऊ एक झाले. किंमत तिसऱ्यानें दिली. मराठ्यांच्या सौद्यांत हा तिसरा कोण, तें पाहण्यासाठीं पुन्हां वऱ्हाडांत आलें पाहिजे.

परसोजीनंतर त्याचा पुत्र कान्होजी वऱ्हाडचा सरदार झाला. त्याचें ठाणें आपल्याला जवळच, यवतमाळ जिल्ह्यांतील भाम येथें होतें. आज तें एक लहानसें खेडें आहे. कान्होजी सातारच्या दरबारास वसुलाचा हिशेब देईना, निजामाकडे झुकूं लागला. तेव्हां शाहूनें त्याचाच पुतण्या रघूजी यास त्याच्यावर पाठविलें. कान्होजी पकडला गेला, व तेव्हांपासून वऱ्हाड-नागपुरास रघूजी भोसल्याचा काळ सुरू झाला. राज्याची यादवी अशी एका सरदाराच्या घरांतही उतरली होती.

निजामानें शाहू-संभाजीच्या वादाचा फायदा घेण्याचा यत्न केला. खरा छत्रपति कोण हें ठरेपर्यंत चौथाई देणार नाहीं, असें त्यानें कळविलें आणि संभाजीस हातीं धरलें. १७२८ च्या फेब्रुवारींत बाजीरावानें त्यास पालखेड येथें कोंडलें व मुंगी-शेवगांवच्या तहांत त्यानें संभाजीचा पक्ष सोडला. पुढें १७३० सालीं संभाजीचा पराभव झाला. ताराबाई शाहूच्या हातीं आली व साताऱ्यासच राहिली. १७३१ च्या एप्रिलांत वारणेचा तह झाला. वारणा नदी ही दोन राज्यांची सीमा ठरली, कोपळ व रत्नागिरी या किल्ल्यांची अदलाबदल झाली, आणि एक कलम असें घातलें कीं एकाच्या फितूर चाकरास दुसऱ्यानें ठेवूं नये. चोवीस वर्षांचें दुखणें कोठें होतें तें या कलमावरून समजतें. शाहूनें शरण आलेल्या चुलतभावास सन्मानानें वागविलें, त्याचें राज्य त्यास दिलें. जिंकलेल्या पक्षाचा असा संयम इतिहासांत फार दिसत नाहीं.

साताऱ्यास शांतता झाली, पण वऱ्हाडच्या पाटलाच्या दारीं आतां दोन कामगार उभे राहूं लागले : एक निजामाचा, एक भोसल्याचा. याला दुअंमली म्हणत. पाऊस न पडला तरी दोघांस आपापला आंकडा हवा. एकास दिलें तर दुसरा म्हणे, मला काय त्याचें! ज्या तांड्यांचे नाईक आजच्या पोहरादेवीच्या वाटांनीं बैलांवर धान्य व मीठ लादून नेत, त्या बंजारा लोकांचें या युद्धांत एक विशेष स्थान होतें. दोन्ही फौजांस दाणा तेच पुरवीत, म्हणून त्यांची लदेणी सहसा कोणी अडवीत नसे. ज्यांची समाधि पोहरादेवीस आहे व जेथें रामनवमीस मोठी यात्रा भरते, ते संत सेवालाल महाराज परंपरेप्रमाणें १७३९ सालीं, म्हणजे वारणेच्या तहानंतर आठ वर्षांनीं जन्मले. त्यांचें आयुष्य याच दुअंमलीच्या काळांत गेलें.

ही दुअंमली १८०३ पर्यंत चालली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत अडगांव येथें, डिसेंबरांत गाविलगडावर भोसल्यांचा मोड झाला. इंग्रज सेनापति वेलस्ली याच्या फौजेमागें धान्य वाहणारे बैल बंजाऱ्यांचेच होते. देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला, आणि पाटलाच्या दारीं एकच कामगार राहिला.